१ डिसेंबरच्या नाटकात यंदा कुणाला मारू नका

महाविद्यालयांत पथनाट्यं आणि एकांकिका बसवणाऱ्या मुलामुलींना, त्यांच्या प्राध्यापकांना आणि स्पर्धांच्या परीक्षकांना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच तुमच्या तालमी सुरू होतात. रेड रिबन क्लबचं नाहीतर एनएसएसचं पत्र आलेलं असतं. कुणीतरी मागच्या बॅचची संहिता शोधून काढतं, डफ कुठून आणायचा ते ठरतं, काळे कुडते आणि लाल ओढण्या जमवल्या जातात. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, एसटी स्टँडसमोर, बाजारात, सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात तुमचं पथनाट्य होतं. व्यसनमुक्तीवरचं नाटक त्याआधीच, २ ऑक्टोबरच्या सप्ताहात, होऊन गेलेलं असतं. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी एचआयव्ही समुपदेशक आहे. कॉलेजात मीही नाटकं केली, आणि आता कधी पाहुणी म्हणून, कधी परीक्षक म्हणून तुमची बघते.

माझं मागणं आधीच सांगून टाकते. यंदाच्या नाटकात एचआयव्ही असलेल्या माणसाला शेवटी मारू नका. आणि लिहायला घेण्याआधी, एचआयव्हीसह जगणाऱ्या किंवा व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या एखाद्या माणसाजवळ थोडा वेळ जाऊन बसा.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या नाटकात एक मुलगा अंगाला काळं कापड गुंडाळून येतो. छातीवर पांढऱ्या रंगात ‘एड्स’ लिहिलेलं असतं. तो खदाखदा हसतो, गोल गोल फिरतो, पुढे बसलेल्या पोरांच्या अंगावर धावून जातो. मग एक ट्रक ड्रायव्हर येतो, नाहीतर शहरात शिकायला गेलेला गावातला हुशार मुलगा. मित्र त्याला ‘तिकडे’ घेऊन जातात. दोन प्रसंगांनंतर त्याला खोकला लागतो. शेवटी पांढरी चादर, आईचा हंबरडा, काळ्या कापडातल्या मुलाचं पुन्हा एकदा हसणं आणि सगळ्यांनी मिळून दिलेली घोषणा. टाळ्या पडतात. तुमची मेहनत खरी असते, आवाज खणखणीत असतात, उन्हात उभं राहून तुम्ही दिवसाला चार-चार प्रयोग करता. एवढी ताकद चुकीच्या ठिकाणी खर्च होते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

अशाच एका प्रयोगाला हॉस्पिटलच्या आवारात, गर्दीच्या अगदी मागे, एक बाई उभ्या होत्या. महिन्याच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत गोळ्यांची बाटली. केंद्रातून बाहेर पडण्याआधी त्या बाटलीत कापूस दाबून भरतात, एसटीत ती खुळखुळू नये म्हणून. वरचं लेबल नखानं खरवडून काढतात. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, गेली कित्येक वर्षं तपासणीत सापडत नाही इतका कमी आहे. रानात कामाला जातात, बचत गटाचा हिशेब ठेवतात, मुलीसाठी स्थळं बघतात. त्या दिवशी ती चादर आणि तो हंबरडा बघून त्या घरी गेल्या. पुढच्या महिन्यात माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी विचारलं, “मॅडम, खरं सांगा, माझं किती राहिलंय?”

त्यांना विचारूनच हे लिहितेय, आणि ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही. पण त्या एकट्या नव्हत्या. देशात आज सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगताहेत आणि राज्यांमध्ये त्यांची संख्या सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहे. एसटी स्टँडवर तुमच्याभोवती दोनशे माणसं जमली, तर त्यांत पिशवीत अशी बाटली असलेलं कुणी असू शकतं. तुम्ही नाटक लिहिता तेव्हा सगळा प्रेक्षक ‘अजून न झालेला’ आहे असं धरून लिहिता. ज्याला झालंय त्याच्याशी तुमचं नाटक बोलतच नाही. त्याच्याविषयी बोलतं, तेही तो मेल्यानंतर.

मरण खोटं होतं असं मी म्हणत नाही. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांना भारतातले पहिले एचआयव्हीबाधित नमुने सापडले. (सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे.) त्यानंतरच्या काळात आपल्या गावांतून, ट्रकच्या रस्त्यांवरून, मुंबईच्या चाळींतून किती माणसं गेली, ते त्या काळात वॉर्डात काम केलेल्या नर्सबाईंना विचारा. औषधं परदेशात होती, पण वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तेच तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं आणि जगभरचं चित्र पालटायला सुरुवात झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरून धरणारी औषधं, मिळू लागली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. २०१७ पासून तर सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या, कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. गोळी नेमानं घेतली आणि व्हायरल लोड तपासणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार घेणाऱ्या आयांना निरोगी बाळं होतात, आम्ही ती दर महिन्याला बघतो. तुमची संहिता मात्र २००४ च्या अलीकडे आलेलीच नाही.

आजही माणसं जातात. कुणी टीबी अंगावर काढलेला असतो, कुणी गोळ्या मध्येच सोडलेल्या असतात, आणि पुष्कळ जण फार उशिरा येतात. का उशिरा येतात? कारण तपासणीच्या खोलीचं दार त्यांना त्या पांढऱ्या चादरीकडे उघडणारं वाटतं. भीती दाखवली की माणूस सावध होतो, असं प्राध्यापक मला नेहमी सांगतात. माझ्या टेबलापाशी जे दिसतं ते असं: घाबरलेला माणूस आधी लपतो. तपासणी लांबणीवर टाकतो, रिपोर्ट न्यायला येत नाही, आणि रिपोर्ट घेतलाच तर गावाचं नाव खोटं सांगतो. सावध करायचंच असेल तर नाटकात कंडोम दाखवा, स्वच्छ सुई कुठे मिळते ते सांगा. ते दाखवायची परवानगी मिळत नाही, हे मला माहीत आहे. स्टेजवर प्रेत ठेवायला कुणाची हरकत नसते, कंडोमचं पाकीट काढलं की मात्र प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं येतं. प्राध्यापकहो, हे भांडण मुलांच्या वतीनं तुम्हीच करायला हवं.

तुम्ही म्हणाल, मग नाटकानं करायचं तरी काय? माहिती द्यायला आम्ही आहोत, भिंतीवर तक्ते आहेत, १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. पण रात्री नऊला गोळी घेण्याआधी स्वयंपाकघरात सासू नाही ना, हे बघून घेणारी सुनेची नजर कुठल्या तक्त्यावर काढणार? लग्न ठरताना सांगायचं की नाही, सांगायचं तर आधी कुणाला, आणि सांगितल्यावर समोरच्याचा हात आपल्या चहाच्या कपापासून किती लांब जातो, हे कुठल्या पत्रकात मावेल? ते नटाच्या अंगावर येऊ शकतं, चित्रात येऊ शकतं. आणि बघणाऱ्याला पहिल्यांदा कळतं, की हे आपल्या शेजारच्या घरात चालू असू शकतं.

तुम्ही कुडत्यावर टाचता ती लाल फीत घ्या. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कलाकारांच्या एका गटानं ती तयार केली. ते आपले मित्र एकामागून एक गमावत होते. ती कुणालाही करता यावी म्हणून त्यांनी तिच्यावर हक्क ठेवला नाही. म्हणजे तुमच्या छातीवर रोज असते ती एक कलाकृतीच आहे, आणि ती आजाराच्या आत राहणाऱ्यांनी केलेली आहे.

अमेरिकेतली ती मोठी गोधडीही तशीच. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला ती सुचली. एड्सनं गेलेल्या प्रत्येक माणसासाठी तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याएवढा, एक तुकडा त्याच्या माणसांनी शिवायचा. त्यात त्याचं नाव, त्याच्या शर्टाचं कापड, त्याच्या खेळण्यातलं अस्वल, काय वाटेल ते. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या हिरवळीवर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज पन्नास हजारांच्या आसपास आहेत. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं आठवलं. एचआयव्हीनं गेलेल्या माणसाचे कपडे जाळून टाकलेले मी बघितलेत. घरच्यांनी अंथरूण-पांघरूण गावाबाहेर नेऊन टाकलेलं बघितलंय. गोधडी आपली. आईच्या लुगड्याची, आजोबांच्या धोतराची, गेलेल्या माणसाची ऊब ठेवणारी. आणि याच माणसांची एक चिंधीसुद्धा आपण ठेवली नाही. एखाद्या कॉलेजानं नाटकाऐवजी ही गोधडी शिवायला घेतली, तर मी स्वतः सुई घेऊन येईन.

फेलिक्स गोन्झालेस-टोरेस या कलावंतानं १९९१ मध्ये खोलीच्या कोपऱ्यात गोळ्यांचा, म्हणजे रंगीत चकचकीत कागदातल्या चॉकलेटगोळ्यांचा, ढीग रचला. वजन १७५ पौंड, साधारण ७९ किलो. त्याचा जोडीदार रॉस त्याच वर्षी एड्सनं गेला होता, आणि धडधाकट असतानाचं त्याचं वजन तेवढं होतं असं मानतात. येणाऱ्यानं एक गोळी उचलायची, खायची, जायचं. ढीग झिजत जातो, जसा आजारात रॉस झिजला. मग संग्रहालयाची माणसं ढीग पुन्हा भरतात. या कामात कुठेही रुग्ण दिसत नाही, रडणं ऐकू येत नाही. तरी ती गोळी चघळता चघळता माणसाला कळतं की आपण कुणाच्या तरी अंगाचा एक कण तोंडात धरून उभे आहोत. ज्याला शिवायला लोक भीत होते त्याच्या देहाचा. तुमच्या काळ्या कापडातल्या मुलाला असं काही करता आलं आहे का, याचा विचार करा.

सगळ्यात जास्त मी ज्यातून शिकले ते केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीतलं काम. २००२ मध्ये तिथं बांबानानी नावाच्या गटातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांनी, जेन सॉलोमन या चित्रकर्तीच्या मदतीनं, देहाचे नकाशे रंगवले. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेचं सरकार ही औषधं द्यायला तयार नव्हतं. या बायकांना ती एका स्वयंसेवी वैद्यकीय संघटनेच्या दवाखान्यात मिळत होती. पद्धत साधी आहे. माणसाएवढा कागद जमिनीवर पसरायचा, त्यावर आडवं व्हायचं, दुसरीनं कडेनं रेघ ओढायची. मग उठून आपणच आपल्याला रंगवायचं: विषाणू कुठे आहे, औषध कुठे पोचलं, कुठली खूण कशाची, बळ कुठून येतं, मागे सावलीसारखं कोण उभं आहे.

आमच्याकडे ब्राऊन पेपरचा रोल आणून आम्ही तेच केलं. आलेल्यांत एक पुरुष होता, पूर्वी सुईनं नशा करणारा. एकच सुई चौघांत फिरायची, त्यातून लागण झाली. मणिपूरमध्ये १९९० च्या सुमारास तरुणांची एक पिढीच्या पिढी याच वाटेनं सापडली होती. आपल्याकडे हा रस्ता आहे हेच लोकांना माहीत नसतं. सकाळी तो ओएसटी केंद्रात जातो, जिथं सुईच्या नशेऐवजी औषधाची गोळी देतात. तिथं सिस्टर गोळीची पूड करून जिभेखाली ठेवते, आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत तिच्यासमोर बसून राहावं लागतं, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. रात्री एआरटीची गोळी. मधला सगळा वेळ एका गॅरेजमध्ये काम. दोन गोळ्यांच्या मध्ये त्याचा दिवस असतो.

त्यानं स्वतःचा देह निळा रंगवला. पोटात पिवळं काहीतरी. डोक्याभोवती बरीच गिचमीड, ती काय ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दोन्ही हात मात्र कोपरापासून मनगटापर्यंत कोरे सोडले. आम्हाला वाटलं राहिलं असेल. रंगाची वाटी त्याच्याकडे सरकवली तर तो म्हणाला, “नको मॅडम, तिथं काही नाही. तिथली नस गेली.” मग त्यानं डाव्या पायाच्या घोट्याजवळ एक बारीक लाल रेघ काढली. “ही चालू आहे. रक्त काढायला आलं की मीच दाखवतो, नवीन पोरगा असला तर चार-चार वेळा टोचतो.”

लॅबमधला तंत्रज्ञ त्याच खोलीत होता. रोज रक्त काढणारा माणूस, कामात हुशार. त्यालाही त्या क्षणापर्यंत हे एवढंच ठाऊक होतं की ‘या पेशंटची नस सापडत नाही’. नस का सापडत नाही, ती कुणी कशी संपवली, आणि आता उरलेली एक नस हा माणूस किती जपून वापरतो, हे त्याला त्या कोऱ्या कागदावर दिसलं. पुढच्या वेळी त्यानं सुई हातात घेण्याआधी विचारलं, “कुठून काढू?” एवढंच. पण त्या प्रश्नासाठी आमच्याकडे कुठलंही प्रशिक्षण आजवर पुरलं नव्हतं.

आता व्यसनाच्या नाटकांकडे येते. त्यांचे शेवट दोनच असतात. एकात मुलगा मरतो. दुसऱ्यात आईचे अश्रू बघून तो बाटली फोडतो, शपथ घेतो आणि सगळे मिळून गाणं म्हणतात. पहिला शेवट ऐकून बाप हताश होतो. दुसरा त्याहून वाईट, कारण तो घरच्यांना खोटी आशा देतो. उपचार घेऊन आलेला मुलगा तीन महिन्यांनी पुन्हा घसरला की बायको, आई, भाऊ सगळे म्हणतात, नाटकातल्या पोरानं सोडली, आमच्याच नशिबी असा कसा? तुम्ही कधी घसरण्याचा प्रसंग लिहिलाय का? टर्कीत, म्हणजे नशा अचानक थांबल्यावर, माणूस घाम, जुलाब, हाडं फुटल्यासारखी कळ सोसतो तो प्रसंग नाही. तो सगळ्यांना लिहावासा वाटतो कारण त्यात नटाला वाव मिळतो. मी म्हणते ती साधी, निवांत संध्याकाळ, जिच्यात सगळं नीट चाललेलं असतं, पगार झालेला असतो, घरी पाहुणे येणार असतात, आणि वाटेत एक जुना मित्र भेटतो. तो प्रसंग नीट लिहिलात, तर प्रेक्षकांतल्या दहा घरांना आपल्या माणसाबद्दल पहिल्यांदा काहीतरी समजेल. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, हे आम्ही बोलतो तेव्हा ते कानावरून जातं.

मराठीला याची परंपरा आहे. अनिल अवचट गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या पोरांमध्ये जाऊन बसले, त्यांचं ऐकलं आणि मग लिहिलं. त्या लेखनानं हललेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, डॉ. अनिता अवचटांनी काम उभं केलं आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. चांगल्या लिहिण्यातून एक संस्था उभी राहिली, आणि आज तिथं येणारी माणसं पुन्हा घसरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आली तरी दार उघडं असतं. लिहिण्याआधीचं ते जाऊन बसणं तुम्हालाही जमण्यासारखं आहे.

एचआयव्ही आणि व्यसन एकाच आयुष्यात, एकाच कलावंताच्या हातून कसं येतं ते बघायचं असेल तर अमेरिकन छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांचं काम बघा. आपले मित्र जसे होते तसे त्यांनी टिपले, न्हाणीघरात, पलंगावर, नशेत, भांडताना, आणि पुढे शवपेटीतही. १९८९ मध्ये एड्सवर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रदर्शन जुळवलं तेव्हा सरकारी अनुदानावरून मोठा वाद पेटला. पुढे शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाचं त्यांनाच व्यसन लागलं. त्यातून बाहेर आल्यावर, मार्च २०१८ मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या पाण्याच्या कुंडात गोळ्यांच्या शेकडो रिकाम्या बाटल्या फेकल्या, कारण ते दालन त्या गोळीच्या पैशांवर गब्बर झालेल्या सॅकलर कुटुंबाच्या नावाचं होतं. २०१९ मध्ये लूव्रनं आणि २०२१ मध्ये मेट्रोपॉलिटननं ते नाव भिंतीवरून उतरवलं. व्यसनी माणसाकडे बोट दाखवणारी नाटकं आपण पुष्कळ बघितली. गोळी विकणाऱ्याकडे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या देणाऱ्या दुकानाकडे, कॉलेजच्या गेटपर्यंत एमडी हे अमली द्रव्य पोचवणाऱ्या साखळीकडे तुमचं पथनाट्य कधी वळलंय का? पथनाट्याचा जन्मच मुळी सत्तेला जाब विचारण्यासाठी झाला. आपण त्याला आजाऱ्याला जाब विचारायला लावलं.

आणि आपल्या मातीतली माणसं हे करत आली आहेत. सांगलीत संग्राम संस्थेच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘वॅम्प’ या वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या संघटनेनं आपल्या आयुष्यावरचं नाटक स्वतः उभं राहून केलं. तुमच्या नाटकातल्या ‘तिकडे’ राहणाऱ्या त्या याच. त्यांना मालक, म्हणजे कायमचा जोडीदार, असतो, मुलं असतात, शाळेच्या फीची काळजी असते, आणि त्यांच्या नाटकात कुणी काळं कापड गुंडाळून नाचत नाही. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावच्या सेवालयातली एचआयव्हीबाधित मुलं गाण्याबजावण्याचा कार्यक्रम घेऊन गावोगाव जातात. लोक आधी दयेनं तिकीट काढतात आणि मग गाणं ऐकतात. दहा मिनिटांनी चूक सुरावटीबद्दल कुणी कुजबुजलं, तर मी ते चांगलं लक्षण मानते; म्हणजे समोर आता गायक आहे.

गोव्याच्या डॉमिनिक डिसोझाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. १९८९ मध्ये त्यानं रक्तदान केलं, त्यातून एचआयव्ही असल्याचं कळलं, आणि पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या जुन्या टीबी रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. तेव्हा गोव्यात तसा कायदाच होता, आणि मुंबई उच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. बाहेर आल्यावर त्यानं बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. त्याच्या आयुष्यावरून २००५ मध्ये एक हिंदी चित्रपट आला आणि निकालपत्र कधीही न वाचणाऱ्या हजारो लोकांना ते कोंडणं समजलं. आज कायदा उलट बाजूला उभा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, आणि बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणारं काही बोलणं, छापणं, प्रसारित करणं हा गुन्हा आहे. काळ्या कापडातला राक्षस या कायद्याच्या किती जवळ जातो, हे एकदा एखाद्या वकिलाला विचारून घ्या.

परीक्षकांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या गुणपत्रिकेत ‘सामाजिक संदेश’ असा रकाना असतो. हंबरड्याला तिथं भरघोस गुण मिळतात, हे मुलांना पक्कं ठाऊक आहे आणि म्हणून ती हंबरडा बसवतात. मुलांनी हा विषय कुठून समजून घेतला, कुणाला भेटली, प्रयोग आधी त्या माणसांना दाखवला का, हे सादरीकरणानंतर विचारा आणि त्याला गुण द्या. एका वर्षात संहिता बदलतील.

मुलांनो, भेटायला गेलात की काही गोष्टी पाळा. ‘तुम्हाला कसं झालं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकायचं, नाही तर नाही. मोबाइल बॅगेत ठेवा. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी तुमच्या नाटकाच्या खर्चात धरा. फ्लेक्सला पैसे निघतात, याला निघत नाहीत असं होऊ देऊ नका. संहिता झाली की आधी त्यांना वाचून दाखवा, आणि ‘हे काढा’ म्हणाले तर, प्रसंग कितीही आवडता असो, काढून टाका. नाटकाच्या शेवटी ‘आणि हे आहेत खरे...’ असं म्हणून कुणाला स्टेजवर ओढू नका. ज्याला अभिनय करायचाय, लिहायचंय, ढोलकी वाजवायचीय, त्याला तालमीला पहिल्या दिवसापासून घ्या, आणि स्थिती सांगायची की नाही ते त्याच्यावर सोडा. कदाचित तुमच्याच बॅचमध्ये असा कुणी असेल. लहानपणापासून गोळ्या घेणारी मुलं आता तुमच्या वयाची झाली आहेत, तुमच्याच वर्गात बसतात, आणि तुमची नाटकं बघून गप्प राहतात.

माझा आग्रह गोडगोड नाटकांचा नाही. राग येऊ द्या, वैताग येऊ द्या, ज्या नवऱ्यानं लपवून लग्न केलं त्याच्यावरचा बायकोचा संताप येऊ द्या, जो गेला त्याचं जाणंही येऊ द्या, त्याच्या जाण्यामागचं कारण दाखवता येत असेल तर. गोळी घ्यायचा कंटाळा येऊ द्या. वीस वर्षं रोज गोळी घेणं कंटाळवाणं असतं आणि त्यावर अजून कुणी नाटक लिहिलेलं मी बघितलेलं नाही. आमच्या केंद्राबाहेरच्या बाकड्यावर महिन्याच्या ठरावीक दिवशी तीच ती माणसं शेजारी बसतात. एकमेकांची नावं त्यांना ठाऊक नसतात, पण कुणाच्या शेतात यंदा काय आहे, कुणाची सून माहेरी गेलीय, सगळं माहीत असतं. बाजारात समोरासमोर आली तर ओळख दाखवत नाहीत, तसा त्यांचा न बोलता ठरलेला करार आहे. त्या बाकड्यावर एक अख्खी दोन अंकी गोष्ट बसलेली आहे, कुणीतरी लिहायला या.

प्रत्येक जिल्ह्यात एआरटी केंद्र आहे आणि तिथं माझ्यासारखं कुणीतरी समुपदेशक असतं. आधी त्यांना भेटा, विषय सांगा. कुणाला बोलायचंय का ते आम्ही विचारून ठेवतो, आणि नाही म्हणाले तर तिथंच थांबायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलात तर लिहायला आणि तालमीला पुरेसा वेळ मिळेल. दुपारी दोननंतर या, सकाळी ओपीडीची गर्दी असते.

तुमची,
एक समुपदेशक